जुडी हे माप नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिरव्या चटणीची पाककृती आली आहे. फोटो देखणा आहे. पण ती पाककृती समोर ठेवून कोणी खरंच चटणी करायला घेतली, तर पहिल्या ओळीपासूनच अडेल, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी नाशिकला पंचवटीत राहते आणि बरीच वर्षं डबे करते. कॉलेजची मुलं, सातपूर-अंबडला कारखान्यात जाणारी माणसं आणि एकटे राहणारे काही आजोबा हे माझं गिऱ्हाईक. पोळी-भाजी रोज बदलते, पण लहान डबीत चटणी असतेच आणि आठवड्यातले निम्मे दिवस ती कोथिंबिरीची असते. तेव्हा या विषयावर बोलायचा थोडाफार हक्क मला आहे, असं समजून पुढचं वाचावं.

पाककृतीची पहिली ओळ अशी: ‘कोथिंबीर १ जुडी’. आता मला सांगा, कुठली जुडी? आमच्याकडे बाजार समितीत पालेभाजीचा लिलाव शेकड्यावर होतो, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव पुकारतात. शेतकरी बांधून आणतो ती जुडी चांगली दोन्ही हातांच्या ओंजळीत न मावणारी. तीच पुढे किरकोळ विकणाऱ्याकडे गेली की सुतळी सुटते आणि एकीच्या तीन होतात. भाव चढला की चार. थंडीत गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात दहा रुपयांत जे घेऊन येते त्यात दोन दिवसांची चटणी होऊन वर पोह्यांवर घालायलाही उरते. तेच जुलैत, पाऊस लागून राहिला की, दहा रुपयांत चार काड्या हातावर ठेवतात आणि वर ‘मावशी, घ्यायची तर घ्या’ म्हणतात. पुण्याकडे गड्डी म्हणतात, कोल्हापूरकडे पेंडी म्हणतात, त्यांचे आकार आणखी वेगळे. मग एका जुडीला ‘मिरच्या ५, लसूण ८ पाकळ्या, मीठ १ चमचा’ हे गणित बसायचं कसं? पावसाळ्यातल्या जुडीला ते मीठ घातलं तर चटणी तोंडात धरवणार नाही.

बरं, जुडीतही जात असते. नाशिकच्या बाजारात गावठी आणि चायना असे दोन प्रकार वेगळे विकले जातात, त्यांचे भावही वेगळे लागतात. चायना म्हणजे काही चीनहून येत नाही, इथेच दिंडोरी, गिरणारेच्या बाजूला पिकते. उंच वाढते, पान रुंद, रंग गडद, दिसायला तजेलदार. गावठी बुटकी, पान बारीक, देठाला बुडाशी जांभळट झाक. दिसायला मरतुकडी वाटते, पण पिशवीत असली तर रिक्षात शेजारच्याला कळतं की हिने कोथिंबीर घेतली. भाजीवर पेरायला चायना चालते. चटणीला मला गावठीच लागते. गावठी मिळाली नाही तर मी थोडं जास्त जिरं आणि एखादी लसणाची पाकळी वाढवते, म्हणजे वासाची तूट भरून निघते.

म्हणून माझी विनंती, जुडी लिहू नका. वाटी लिहा. आणि वाटी म्हणताना निवडून, धुऊन, जाडसर चिरून, हाताने दाबून भरलेली वाटी असं स्पष्ट लिहा, कारण न दाबता भरलेल्या वाटीत निम्मी हवा असते. माझं घरचं प्रमाण सांगते. अशा दोन आमटीच्या वाट्या कोथिंबिरीला तीन-चार मध्यम तिखट हिरव्या मिरच्या, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, दोन मोठे चमचे भाजून सोललेले दाणे, मीठ, चिमूटभर साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस. चार माणसांच्या एका जेवणाला पुरते. मिरचीचं मात्र कुणाचंच प्रमाण ऐकू नये, माझंही नाही. लवंगी असेल तर दोनात काम होतं. पोपटी, लांबट, जाड सालीची असेल तर सहाही कमी पडतात. टोक मोडून जिभेला लावून बघावं आणि मग ठरवावं.

दुसरी ओळ वाचून तर मला रागच आला. ‘देठ काढून टाकावेत, फक्त पाने घ्यावीत.’ अहो, कोथिंबिरीच्या चटणीची चव देठातच असते. पानाचा थोडा वास वाटताना उडून जातो. देठात रस असतो आणि तो चटणीत टिकतो. पालेभाजीचा देठ टाकायची सवय मेथीवरून लागली असावी, तिचा देठ जून झाला की चोथा होतो. कोथिंबिरीचं तसं नाही. मुळं आणि त्याच्या वरचं बोटाच्या दोन पेरांएवढं जाड बूड कापायचं. उरलेल्यातला एक देठ नखाने मोडून बघायचा, कट्‌कन मोडला की तो चटणीत जाऊ द्यायचा. वाकतो आहे, मोडत नाही, सोलल्यासारखी दोरी निघते आहे, तर तेवढा काढायचा. फुलावर आलेली कोथिंबीर असेल, म्हणजे वरची पानं शेपूसारखी बारीक झाली असतील, तर मात्र देठ सगळे दोरखंडच असतात. ती चटणीला घेऊच नये. उन्हाळ्यात अशी फार येते, कारण ऊन वाढलं की झाड पान वाढवायचं सोडून फुलायला लागतं.

पुदिन्याचं याच्या बरोबर उलट. त्याच्या काड्या लाकडासारख्या, त्या पूर्ण काढायच्या, फक्त पानं घ्यायची. आणि पुदिना कोथिंबिरीच्या पाव हिश्शाहून जास्त घालायचा नाही. निम्मेनिम घातला की चटणी कडवट होते आणि दुपारपर्यंत काळीही पडते. आपल्या पाककृतीत दोन्ही समसमान सांगितले आहेत. ज्यांनी लिहिलं त्यांनी ती केल्या केल्या खाल्ली असावी. डब्यात भरून सातपूरला पाठवली असती तर कळलं असतं.

धुण्याबद्दल पाककृतीत एकच शब्द आहे, ‘धुवून’. खरं म्हणजे अर्धी चटणी तिथेच बिघडते किंवा साधते. चाळणीत कोथिंबीर ठेवून नळ सोडला की वरची धूळ जाते, पण देठाच्या बेचक्यात अडकलेली वाळू तिथेच बसते आणि नंतर दाताखाली कचकच करते. पावसाळ्यात तर पानांच्या पाठीला चिखलाचे शिंतोडे वाळून चिकटलेले असतात. मी मोठं पातेलं भरून पाणी घेते, कोथिंबीर पूर्ण बुडवते, हाताने दोन-चारदा हलवते आणि थोडा वेळ तशीच सोडते. माती खाली बसते. मग कोथिंबीर वरून उचलून दुसऱ्या पाण्यात. पातेलं उपडं करून चाळणीत ओतायचं नाही, नाहीतर बसलेली सगळी माती परत तिच्यावरच येते. पाणी नितळ राहीपर्यंत हे करायचं, पावसाळ्यात तिसरं-चौथं पाणीही लागतं. नंतर जुन्या पंच्यावर पसरून पंख्याखाली ठेवते. ओली कोथिंबीर भांड्यात गेली की वेगळं पाणी न घालताही चटणी पाणचट होते, आणि पाणचट चटणी पोळीला लागत नाही, डबीतून गळून डब्याला लागते. डबेवालीला हे चांगलं ठाऊक असतं.

आता रंगाकडे येते, कारण आपल्या पाककृतीचा सगळा जीव रंगात अडकला आहे. कोथिंबीर उकळत्या पाण्यातून काढा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, वाटताना बर्फाचे चार तुकडे घाला, म्हणजे हिरवागार रंग टिकतो, असं लिहिलं आहे. टिकतो, खोटं नाही. आमच्या वाड्यात रसायनशास्त्र शिकणारी एक मुलगी राहते, तिने मला याची फोड करून सांगितली. पानातल्या हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियम असतं. आंबट लागलं की ते निसटतं आणि हिरव्याचा शेवाळी, मग तपकिरी रंग होतो. गरम झालं की हे आणखी लवकर घडतं. शिवाय पान चिरलं, ठेचलं की त्यातली द्रव्यं हवेशी मिसळून काळपटतात, ते वेगळंच. उकळत्या पाण्यातून काढल्यावर हा दुसरा प्रकार थांबतो, म्हणून हॉटेलवाले तसं करतात.

पण उकळत्या पाण्यात रंग राखताना वास गेला, त्याचं काय? ज्या वासासाठी आपण गावठी कोथिंबीर शोधत बाजारभर फिरलो तो त्या पातेल्याच्या वाफेत गेला. आणि बर्फाचे चार तुकडे म्हणजे शेवटी पाणीच. मे महिन्यात मोठ्या भांड्यात किलोभर कोथिंबीर वाटणाऱ्या खानावळीने बर्फ घातला तर मी समजू शकते, कारण भांडं खरंच तापतं. घरच्या दोन वाट्यांना त्याची गरज नाही. लहान चटणीचं भांडं घ्यायचं, थांबत थांबत फिरवायचं, मधे झाकण उघडून कडेचं खाली ओढायचं, आणि लिंबू वाटताना न घालता चटणी वाटीत काढल्यावर घालायचं, ताटं मांडायच्या वेळी. एवढ्याने जेवण होईपर्यंत रंग राहतो. डब्यात द्यायची असेल तर मी लिंबाची फोड वेगळी देते. ज्याला हवं त्याने पिळावं.

आणखी एक, लिंबू घातलेली चटणी पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवू नये, कळकते. आपल्या फोटोत चटणी पितळी वाटीत आहे, तिला कल्हई आहे की नाही ते दिसत नाही. फोटोपुरती ठेवली असेल, पण वाचणारा तेच उचलतो.

वाटायचा क्रमही पाककृतीत उलटा आहे. सगळं एकदम भांड्यात घालून फिरवा म्हटलं की कोथिंबिरीचा लगदा होतो आणि जिरं अख्खं राहतं. आधी दाणे, जिरं, मिरची, लसूण आणि मीठ. मीठ आधीच घातलं की त्याच्या कणांनी मिरची-लसूण चांगले रगडले जातात. हे सगळं रवाळ झालं की मग कोथिंबीर, तीही दोन खेपांत. आधी घातलेली जरा दबली की दुसरी. भांडं फिरत नाही म्हणून पाणी ओतायची घाई करायची नाही. चमच्याने हलवून परत फिरवलं की देठांचा रस सुटतो आणि तेवढा पुरतो. अगदीच अडलं तर एक चमचाभर पाणी. चटणी गंध उगाळल्यासारखी गुळगुळीत करू नये, बोटाला थोडी भरड लागली पाहिजे.

इथे कोणीतरी पाट्या-वरवंट्याची आठवण काढणार, म्हणून आधीच सांगते. पाट्यावरची चटणी चांगली लागते, यात वाद नाही. वरवंट्याखाली पान चिरडलं जातं, कापलं जात नाही, आणि पाटा थंड असतो. माझ्याकडे सासूबाईंचा पाटा आहे. पूर्वी गल्लीत ‘टाकीऽऽ’ अशी आरोळी देत बायका यायच्या, छिन्नी-हातोडीने पाट्याला बारीक बारीक टिपके पाडून द्यायच्या. टाकी लावलेला पाटा आणि गुळगुळीत झालेला पाटा यांत जमीन-अस्मानाचा फरक. आता टाकी लावणारं कुणी दारावरून जात नाही, माझा पाटा आरशासारखा झाला आहे आणि त्याच्यावर मी पापडाचं पीठ कुटते. पाट्याचं कौतुक करणारे लेख आपल्या पुरवणीतही येतात. ते लिहिणाऱ्यांनी सकाळी सातच्या आत सगळ्या डब्यांची चटणी पाट्यावर वाटून दाखवावी, गुडघे धरून उठताना जे बोलतील ते छापावं. मिक्सर आला म्हणून माझ्यासारखीचा धंदा झाला. पाट्याची एक सवय मात्र मी सोडलेली नाही. वाटून झाल्यावर पाटा धुतलेलं पाणी आमटीत जायचं, तसं मिक्सरचं भांडं विसळलेलं पाणी मी आजही आमटीत किंवा कणकेत घालते. त्या पाण्यात तिखट, मीठ, लसूण सगळं असतं. ते मोरीत ओतवत नाही.

दाण्यांबद्दल दोन शब्द. पाककृतीत दाटपणासाठी पावाचा तुकडा सांगितला आहे. मुंबईच्या सँडविचवाल्यांची ती रीत आहे, काही जण पाव घालतात, काही पंढरपुरी डाळं, कारण त्यांना चटणी लोण्यावर पसरायची असते आणि तिने पावात पाणी सोडलेलं परवडत नाही. त्यांच्या जागी ते बरोबर आहे. पोळी-भाकरीबरोबर खायच्या चटणीत पाव कशाला? आमच्याकडे आणि खानदेशात दाणे. कोकणात, गोव्यात ओलं खोबरं. ज्याच्या दारात जे पिकतं ते. खोबऱ्याची चटणी मलाही आवडते, तिला एक गोडवा असतो आणि लसूण कमी लागतो. पण डब्यासाठी नाही. मे महिन्यात सकाळी आठला भरलेली खोबऱ्याची चटणी दुपारी एकला डबा उघडेपर्यंत आंबूस झालेली असते. म्हणून होळीपासून पहिल्या पावसापर्यंत माझ्याकडे खोबरं बंद. दाणे मात्र घरी भाजलेले हवेत, मंद आचेवर, डाग पडेपर्यंत, आणि सालं पाखडून. बाजारचे खारे दाणे घातले तर मिठाचा हिशेब चुकतो.

चैत्र लागला की लिंबाचे भाव चढतात आणि कैऱ्या येतात. मग लिंबू बंद आणि कैरीची एक-दोन फाकं सालासकट चटणीत. ही माझ्या मते वर्षातली सगळ्यात चांगली हिरवी चटणी. कैरी आंबट किती आहे ते बघून साखरेऐवजी गुळाचा खडा. आषाढात कांदेनवमी झाली की काही घरांतून निरोप येतो, चार महिने कांदा-लसूण नको. त्यांच्यासाठी लसणाच्या जागी आलं आणि हिंगाची चिमूट. आणि एकादशीला तर आजोबांचे दोन तट पडतात. एकांकडे कोथिंबीर उपवासाला चालते, दुसऱ्यांकडे चालत नाही. मी वाद घालत नाही. न खाणाऱ्यांच्या डबीत दाण्याची, मिरची-जिरं घातलेली पांढरी चटणी जाते.

डब्याच्या मुलांमध्ये एक आहे, त्याला कोथिंबिरीला साबणाचा वास येतो. बाकीची मुलं त्याला हसतात, नखरे म्हणतात. वाड्यातल्याच त्या मुलीने सांगितलं की हे नखरे नाहीत. कोथिंबिरीच्या वासातली काही द्रव्यं साबणातही असतात, आणि काही माणसांचं नाक जन्मतःच तीच आधी पकडतं. हे आपल्या पुरवणीत छापलंत तर त्याच्यावर उपकार होतील. त्याला मी सुकी लसणाची चटणी देते.

आता सगळ्यात शेवटची ओळ. ‘ही चटणी फ्रीजरमध्ये महिनाभर टिकते.’ मला वाटतं, बाकीचं सगळं या ओळीपायी झालं आहे. महिनाभर ठेवायची म्हणून उकळत्या पाण्यात टाकायची, रंग राहावा म्हणून बर्फ घालायचा, पाणी सुटू नये म्हणून पाव घालायचा, देठाचा चोथा लागू नये म्हणून देठ फेकायचे. ज्या गोष्टीला करायला पाव तास लागतो ती महिनाभर साठवायची कशाला? पान वाढताना चटणी डाव्या बाजूला मिठा-लिंबाच्या शेजारी येते, बोटभर वाढतात. तेवढी रोज होते. फ्रीजरमधून काढली की पाणी वेगळं आणि चोथा वेगळा होतो, दाणे चिवट लागतात. उरलीच तर दुसऱ्या दिवशी थालीपिठाच्या पिठात कालवावी, नाहीतर ताकात घालून फोडणी द्यावी. तिसरा दिवस तिला दाखवू नये.

साठवायचीच असेल तर कोथिंबीर साठवावी. मुळं न कापता, न धुता, पिवळी-सडकी पानं काढून, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये. चांगली आठवडाभर राहते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, अगदी आपल्या वर्तमानपत्रातही नको. शाई अन्नाला लागू नये अशी सूचना केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच काढली होती. तरी आमच्या कोपऱ्यावर भजी अजून पेपरातच मिळतात.

कुंडी असेल तर त्याहून सोपं. किराणा दुकानातले धणे चपलेखाली नाही, लाटण्याखाली हलके रगडायचे, म्हणजे एकाचे दोन होतात. रात्रभर भिजवून मातीत विखरायचे, वर बोटाच्या नखाएवढी माती. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही आणि माणूस नाद सोडतो. नाद सोडू नये, पाणी शिंपडत राहावं. दीड महिन्यात खुडायला येते. एका कुंडीत डब्यांचं भागत नाही, पण दोन माणसांच्या घराचं भागतं.

शेवटी संपादकांकडे एक मागणं. दर वर्षी आपल्या पहिल्या पानावर एक फोटो येतो. भाव पडला, जुडीला दोन रुपयेही मिळेनात, शेतकऱ्याने कोथिंबीर रस्त्यावर ओतली किंवा उभ्या पिकात ट्रॅक्टरचा रोटर फिरवला. काढणी आणि गाडीभाडंसुद्धा निघत नाही, तर तो तरी काय करणार? तो फोटो आणि हिरव्या चटणीची पाककृती एकाच आठवड्यात कधी आलेली मी बघितलेली नाही. आपली पाककृती आली ती भर पावसात, कोथिंबीर सोन्याच्या भावाने जाते तेव्हा. तेव्हा शिराळ्याच्या, म्हणजे दोडक्याच्या, शिरांची चटणी द्या, हिरव्या टोमॅटोची द्या, कढीपत्त्याची द्या, त्या सगळ्या स्वस्तात होतात. आणि ज्या दिवशी तो रोटरचा फोटो छापाल, त्याच दिवशी आतल्या पानावर कोथिंबीर वड्या, कोथिंबिरीची पातळ भाजी आणि चटणी छापा. एखाद्या वाचकाने घासाघीस न करता दोन जुड्या जास्त घेतल्या, तरी छापल्याचं सार्थक झालं. भाजीवाल्याकडे किलोभर वांगी घेऊन ‘वर कोथिंबीर टाका’ म्हणणाऱ्यांनाही चार शब्द सुनवायचे असतील तर त्याच पानावर जागा करा. ती फुकटची काडीसुद्धा कुणीतरी वाकून उपटलेली असते.

शिरांच्या चटणीची पाककृती मागवणार असाल तर मी लिहून पाठवते. फोटो मात्र तुम्हीच काढा.

कळावे,
डबे करणारी एक वाचक
पंचवटी, नाशिक